राजानुज्ञा आणि वैद्यांची नोंदवही

१

गतवर्षीं पौष महिन्यांत कृष्णाकांठच्या एका गांवाहून एक जुनें दप्तर आमच्याकडे पाहण्यासाठीं आलें. दप्तर एका वैद्य घराण्याचें. घराण्यांतील वैद्यकी दोन पिढ्यांपूर्वींच संपली असून हल्लींचे वारस नोकरीनिमित्त परगांवीं असतात. वाडा विकावयाचा ठरल्यामुळें माळ्यावरील सामान खालीं आलें, त्यांत हें निघालें. माधवनिदानाची एक अपुरी पोथी, शार्ङ्गधरसंहितेचा मध्यखंड, लोलिंबराजाच्या वैद्यजीवनाची एक सबंध प्रत आणि घरगुती योगांचें एक मोडी बाड, इतका ऐवज आंत होता. या पोथ्यांत अपूर्व असें कांहीं नाहीं. महाराष्ट्रांतील जुन्या वैद्याच्या घरीं बहुधा हेच ग्रंथ सांपडावयाचे. परंतु पोथ्यांच्या तळाशीं फुटक्या काचेची एक चौकट व तिच्या पाठीमागें दडपलेले कांहीं कागद होते. पहिल्या दिवशीं आम्हीं ती चौकट उपेक्षेनें बाजूस ठेवून दिली होती, हें येथें कबूल केलें पाहिजे. दुसऱ्या दिवशीं कागद उलगडले, तेव्हां दप्तरांतील खरा ऐवज तोच आहे असें दिसून आलें.

चौकटींतील कागद म्हणजे मुंबई सरकारच्या १९३८ सालच्या कायद्यान्वयें या गृहस्थांचें नांव वैद्यांच्या नोंदवहींत दाखल झाल्याचें छापील प्रमाणपत्र. त्यामागचे कागद म्हणजे त्या नोंदीसाठीं केलेल्या अर्जाचा कच्चा मसुदा. अर्धा मोडींत, अर्धा बाळबोधींत, आणि पुष्कळ खोडाखोडीचा. आपण चुलत्यापाशीं शिकलों. अमुक ग्रंथ मुखोद्गत केले. अमुक गांवीं औषधें देत आलों. परीक्षा कोणतीहि दिलेली नाहीं. असें त्यांत सरळ लिहिलें आहे. शेवटीं गांवचे पाटील, शाळामास्तर व तालुक्याचे एक पदवीधर डॉक्टर यांच्या साक्षी घ्यावयाच्या असल्याची टीप आहे. 'परीक्षा दिलेली नाहीं' हे शब्द एकदां खोडून पुन्हां लिहिले आहेत. त्या खोडण्यांत लिहिणाऱ्याच्या मनांतील भय आणि प्रामाणिकपणा हीं दोन्हीं एकदम दिसतात.

हा मसुदा वाचतांना आमच्यापुढें जो प्रश्न उभा राहिला तो असा. वैद्यास वैद्य म्हणण्याचा अधिकार कोणाचा? गुरूचा, गांवाचा, कीं राजाचा? सरकारनें मंडळ नेमावें, मंडळानें नोंदवही ठेवावी, नोंदवहींत नांव असेल त्यानेंच रोग्यास हात लावावा, ही व्यवस्था इंग्रजांनीं आणलेली व आमच्या परंपरेस परकी आहे, असा समज सर्वत्र आहे. उलट पक्षीं, आमच्या शास्त्रांत सर्व कांहीं पूर्वींच होतें असें म्हणणारेहि आढळतात. हे दोन्हीं पक्ष आम्हांस ग्राह्य वाटत नाहींत. शास्त्रानें काय सांगितलें, दंडनीतीनें काय केलें, आणि आपल्या प्रांतांत वैद्यांची नोंदवही कोणत्या क्रमानें उत्पन्न झाली, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. त्यावरून संग्राहकांनीं आपल्या कामीं काय बोध घ्यावा, तें शेवटीं सांगूं.

२

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील दहावा अध्याय 'विशिखानुप्रवेशनीय' या नांवाचा आहे. विशिखा म्हणजे रस्ता, बाजाराची वाट. कौटिलीय अर्थशास्त्रांतहि हा शब्द येतो. सोनारांचा व्यवहार ज्या पेठेंत चाले तिला तेथें विशिखा म्हटलें असून तिच्यावर राज्याच्या अधिकाऱ्याची देखरेख सांगितली आहे. तेव्हां विशिखेंत प्रवेश करणें म्हणजे नुसतें घराबाहेर पडणें नव्हे, तर लोकव्यवहाराच्या उघड्या जागीं धंद्यासाठीं उभें राहणें, असा अर्थ घेणें युक्त होय.

या प्रवेशाला योग्य वैद्य कोण, हें सांगतांना सुश्रुतानें विशेषणांची एक मालिका दिली आहे. त्यानें शास्त्र अध्ययन केलेलें असावें. त्याच्या अर्थाचें परिशीलन केलेलें असावें. कर्में प्रत्यक्ष पाहिलेलीं असावीं. हातानें अभ्यास केलेला असावा. शास्त्र मुखानें सांगतां यावें. आणि तो 'राजानुज्ञात' असावा. त्यानंतर नखें व केस कापलेले, शुचि, शुभ्र वस्त्र, छत्री, काठी, पादत्राण इत्यादि वेषवर्तनाचे नियम येतात.

येथें क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. राजाची अनुज्ञा पांच गुणांच्या मागून येते. राजा ज्ञान देत नाहीं. दुसरीकडे मिळविलेल्या ज्ञानाला तो फक्त संमति देतो. याच्या आधींचा नववा अध्याय 'योग्यासूत्रीय'; त्यांत कोहळा, दुध्या इत्यादि फळांवर छेदनाची, कमळाच्या देंठावर शिरावेधाची आणि माणसाएवढ्या पुतळ्यावर पट्टे बांधण्याची संवय करावी, असें सांगितलें आहे. म्हणजे नववा अध्याय हात तयार करण्याचा व दहावा बाजारांत जाण्याचा. मधली पायरी राजानुज्ञेची. राजाच्या वतीनें कोणी तपासावें व अनुज्ञा कोणत्या रूपानें द्यावी, याचा विधि मात्र संहितेनें सांगितलेला नाहीं.

त्याच सूत्रस्थानांत नुसता ग्रंथज्ञ आणि नुसता कर्मकुशल या दोघांसहि अपुरें ठरवून एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे. आणि स्नेहनादि उपचार व शस्त्रकर्म यांत अनभिज्ञ असा कुवैद्य लोभानें जनांचा घात करतो तो राजाच्या दोषामुळें, असें म्हटलें आहे. चरकाचेंहि मत निराळें नाहीं. सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायांत प्राणांचें रक्षण करणारा व रोगाची पाठराखण करणारा असे वैद्याचे दोन भेद करून, दुसऱ्या प्रकारचे वैद्यवेषधारी लोक राष्ट्रांत संचार करतात तें राजांच्या प्रमादामुळें, असा ठपका त्यानें ठेवला आहे. अकराव्या अध्यायांत भोंदू वैद्याच्या सामग्रीचें वर्णन येतें. औषधांचीं भांडीं, पाला आणि 'पुस्त' दाखवून तो लोकांस भुलवितो. पुस्त शब्दाचा अर्थ पोथी असा घेतला, तर पोथ्यांच्या आम्हां भक्तांनीं हें स्थळ विसरतां कामा नये. घरीं पोथी असणें हें वैद्यत्वाचें प्रमाण नव्हे, हें चरकाच्या काळींहि ठाऊक होतें.

तात्पर्य, राजानें वैद्यांवर नजर ठेवावी ही कल्पना आम्हांस परकी नाहीं. इतर देशांतहि ती स्वतंत्रपणें आढळते. इ. स. ९३१ मध्यें बगदादच्या खलीफानें सिनान इब्न साबित याजकडून शहरांतील वैद्यांची परीक्षा घेवविली; ११४० मध्यें सिसिलीचा राजा दुसरा रॉजर यानें परीक्षेवांचून वैद्यकी करण्यास बंदी केली; १५११ मध्यें इंग्लंडांत हा परवाना देण्याचें काम बिशपकडे सोंपविलें गेलें. परंतु आमच्या शास्त्रकारांचा विशेष असा कीं, भोंदू वैद्याबद्दल ते प्रथम राजास जबाबदार धरतात. रोग्याच्या भोळेपणास ते बोल लावीत नाहींत.

३

अनुज्ञेचा विधि शास्त्रांत नाहीं. दंडाचा मात्र तपशीलवार आहे. कौटिल्यानें कंटकशोधन अधिकरणाच्या पहिल्या अध्यायांत कारूंपासून प्रजेचें रक्षण कसें करावें तें सांगतांना विणकर, परीट, सोनार यांच्या पंक्तींत वैद्यास बसविलें आहे. प्राणास धोका असलेल्या रोगावर अधिकाऱ्यास न कळवितां उपचार केला व रोगी दगावला, तर प्रथम साहसदंड. उपचाराच्या चुकीनें दगावला, तर मध्यम साहसदंड. आणि मर्मावरील शस्त्रकर्मांत हयगय होऊन व्यंग आलें, तर तें दंडपारुष्य, म्हणजे मारहाणीचा गुन्हा, असे त्याचे नियम आहेत. यांतील 'कळविणें' हें पद महत्त्वाचें. धोक्याचा रोगी हातीं घेतांना राज्यास वर्दी देणारा वैद्य रोगी मेला तरी पहिल्या दंडास पात्र होत नाहीं. राज्याच्या दप्तराशीं वैद्याचा संबंध जोडण्याचा हा जुना प्रयत्न होय.

मनूनें खोटी वैद्यकी करणाऱ्यास पशूंच्या बाबतींत प्रथम व मनुष्यांच्या बाबतींत मध्यम साहसदंड सांगितला. याज्ञवल्क्यानें त्यांत तिसरी पायरी घातली. रोगी राजपुरुष असेल तर उत्तम साहसदंड. त्याच्या मानानें प्रथम म्हणजे २७० पण, मध्यम ५४० व उत्तम १०८० पण. मिताक्षरेंत विज्ञानेश्वरानें खोट्या वैद्याचें लक्षण दिलें आहे. आयुर्वेद ठाऊक नसतां पोटासाठीं 'मी चिकित्सा जाणतों' असें सांगून जो उपचार करतो, तो. हें लक्षण आजच्या कायद्याच्या भाषेंत जसेंच्या तसें घालतां येईल. परंतु गाईचा प्राण, कुणब्याचा प्राण व राजसेवकाचा प्राण यांचीं जीं तीन मोलें स्मृतींत ठरलीं, तीं आजच्या कायद्यास मान्य नाहींत, व नसावींत हेंच योग्य आहे. स्मृतींचें कौतुक करतांना हा फरक झांकून ठेवणें संशोधकास शोभणार नाहीं.

४

मराठेशाहींत वैद्यांस इनामें, वर्षासनें व पालख्यांचे मान मिळत. पेशवे दप्तरांत वैद्यांच्या नेमणुकींच्या नोंदी आहेत. परंतु सनद आणि अनुज्ञा यांत भेद आहे. सनदेनें एकाचा गौरव होतो. दुसऱ्यास मनाई होत नाहीं. ज्यास इनाम नाहीं तोहि वैद्यच राही, आणि त्याचें वैद्यपण गुरूच्या नांवावर व गांवाच्या अनुभवावर उभें असे. गुण आला कीं लोक येत, गुण येईनासा झाला कीं लोक दुसरीकडे जात. ही कसोटी अगदींच निरुपयोगी नव्हती. पण तींत प्रत्येक चूक कोणाच्या तरी जीवावर शिकावी लागे.

आमच्या मुलखाजवळ मनाईची पद्धति प्रथम दिसते ती पोर्तुगीजांच्या गोव्यांत. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधींवरील ग्रंथ गोव्यांत १५६३ मध्यें छापला गेला. तो बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारींहि जात असे, व हिंदु वैद्यांच्या उपचारांचा उल्लेख त्याच्या ग्रंथांत आहे. पुढें १६१८ सालीं गोव्याच्या नगरसभेनें नियम केला कीं, मुख्य वैद्य व मुख्य शस्त्रवैद्य या अधिकाऱ्यांकडून परीक्षा झाल्यावांचून कोणीं वैद्यकी करूं नये, आणि हिंदु वैद्यांची संख्या तीसच असावी. परीक्षा हा सुश्रुतास संमत असा भाग. संख्येची मर्यादा हा धर्मभेदाचा व राज्यभयाचा भाग. एकाच नियमांत रोग्याचें हित आणि धंद्याची मक्तेदारी कशी एकत्र बांधली जाते, याचें हें उत्तम उदाहरण आहे. पुढील सर्व इतिहासांत हीं दोन सूत्रें एकमेकांत गुंतलेलीं दिसतील.

५

इंग्रजी अमलांत मुंबईस १८२६ सालीं डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या हाताखालीं देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी शाळा निघाली व १८३२ सालीं बंद झाली. १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालें. त्याच्या पहिल्या पदवीधरांत, १८५१ सालीं, भाऊ दाजी लाड होते. शिलालेख व नाणीं वाचणारे म्हणून संशोधकांस त्यांचें नांव पूज्य आहे. त्याच परंपरेंतील डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं १८८० सालीं वाग्भटाचें अष्टांगहृदय अरुणदत्ताच्या टीकेसह छापून प्रसिद्ध केलें. म्हणजे पदवी इंग्रजी व संग्रह संस्कृत, असा संगम त्या पिढींत सहज होता. तो कायद्यानें विस्कळित होण्यास अजून अवकाश होता.

इंग्लंडांत १८५८ च्या कायद्यानें वैद्यांची एक नोंदवही व ती सांभाळणारें जनरल कौन्सिल उत्पन्न झालें. त्या नमुन्यावर मुंबई सरकारनें १९१२ सालीं सहावा कायदा केला व त्या अन्वयें मुंबई मेडिकल कौन्सिल स्थापन झालें. बंगाल व मद्रास येथील तसेच कायदे १९१४ चे आहेत. कौन्सिलांत कांहीं सभासद सरकारनें नेमलेले, कांहीं नोंदलेल्या डॉक्टरांनीं निवडलेले. नोंदवही ठेवण्यास रजिस्ट्रार. व्यवसायास काळिमा आणणारें वर्तन केल्यास चौकशी करून नांव काढून टाकण्याचा अधिकार. आणि कायद्यास लागणारें वैद्यकीय प्रमाणपत्र नोंदलेल्या डॉक्टरानेंच द्यावें, असा नियम. यांतील खरी नवी गोष्ट कोणती? राजाची देखरेख जुनीच. परीक्षेची कल्पनाहि जुनी. नवें तें हें कीं, धंद्यांतील लोकांनींच धंद्यांतील लोकांचा न्याय करावा, व तो लेखी करावा. सुश्रुताच्या राजानुज्ञेला येथें प्रथम दप्तर मिळालें.

मात्र या नोंदवहीचें दार एकाच पद्धतीस उघडें होतें. नोंद नसलेल्यास उपचार करण्याची मनाई या कायद्यानें केली नाहीं. परंतु सरकारच्या दृष्टीनें देशांतील बहुसंख्य वैद्य त्या दिवसापासून अनामिक झाले. १९१६ सालीं मध्यवर्ती सरकारनें बनावट पदव्यांस आळा घालणारा कायदा केला. त्यांतील पाश्चात्य वैद्यकाच्या व्याख्येंतून आयुर्वेद, युनानी व होमिओपथी हीं स्पष्ट वगळलीं. त्यामुळें वैद्य अपराधीहि नाहीं आणि मान्यहि नाहीं, अशी त्रिशंकूची स्थिति झाली. इतकेंच नव्हे, तर देशी वैद्यकाच्या शाळेशीं संबंध ठेवणें हेंच काळिमा आणणारें वर्तन आहे काय, असा प्रश्न मुंबईंत व मद्रासेंत कौन्सिलांपुढें निघाला, आणि नोंदलेल्या डॉक्टरांवर कारवाईचा प्रसंग आला. भाऊ दाजी व कुंटे यांच्या पिढीस जें भूषण होतें तें पुढच्या पिढींत आरोपाचा विषय झालें. मक्तेदारीचें सूत्र रोग्याच्या हिताच्या सूत्रावर चढलें, तें येथें.

वैद्यांनीं याला दिलेलें उत्तर विचार करण्यासारखें आहे. नोंदवही नको असें ते म्हणाले नाहींत. आमचीहि परीक्षा घ्या, आमचीहि नोंद करा, असें म्हणाले. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या खटपटीनें १९०७ सालीं नाशिक येथें वैद्यांचें अखिल भारतीय संमेलन भरलें व त्यांतून आयुर्वेद महामंडळ उभें राहिलें. अहमदनगर येथें १९१७ सालीं गंगाधरशास्त्री गुणे यांनीं आयुर्वेद महाविद्यालय काढलें. पुण्यास १९३३ सालीं टिळक आयुर्वेद महाविद्यालय निघालें. गुरुगृहीं शिकण्याच्या विद्येला वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा व प्रमाणपत्र हे नवे अवयव फुटले. कायद्याच्या दारांतून आंत जाण्यासाठीं परंपरेनें आपला आकार बदलला.

६

प्रांतिक स्वायत्तता मिळाल्यावर १९३७ सालीं अधिकारावर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळांत डॉ. मंचेरशा गिल्डर हे आरोग्यखात्याचे मंत्री होते. त्यांच्या कारकीर्दींत १९३८ चा २६ वा कायदा झाला. देशी वैद्यकाच्या व्यावसायिकांची नोंद करून नोंद नसलेल्यांस मनाई करणाऱ्या हिंदुस्थानांतील पहिल्या कायद्यांपैकीं हा एक होय. गिल्डर स्वतः पाश्चात्य वैद्यकांतील नामांकित हृद्रोगतज्ज्ञ होते, ही गोष्ट त्या काळच्या दोन्हीं पक्षांच्या आवेशी लेखांपुढें ठेवून पाहण्यासारखी आहे.

या कायद्यानें देशी वैद्यकाचें एक मंडळ निर्माण केलें व नोंदवहीचीं दोन दारें ठेवलीं. मान्य परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास एक. आणि परीक्षा न देतां दीर्घकाळ धंदा करीत आल्याचें शाबीत करणाऱ्यास दुसरें. आमच्यापुढील मसुदा या दुसऱ्या दारावर उभा राहून लिहिलेला आहे. त्यांतील विधानें सुश्रुताच्या विशेषणांशेजारीं ठेवून पाहावीं. चुलत्यापाशीं शिकलों हें अध्ययन. ग्रंथ मुखोद्गत आहेत हें निगदन. चुलत्याबरोबर रोगी पाहिले हें कर्मदर्शन. अमुक वर्षें औषधें दिलीं हा हाताचा अभ्यास. आणि शेवटीं सरकारचा शिक्का, ही राजानुज्ञा. त्या गृहस्थांस सुश्रुताचें तें स्थळ आठवत होतें असें आम्ही म्हणत नाहीं. दप्तरांत सुश्रुताची पोथी नाहीं. पण दोन हजार वर्षांच्या अंतरानें तोच क्रम एका खेडवळ वैद्याच्या अर्जांत उमटला, याचें कारण व्यवसायाची गरजच तशी आहे. गुरु ज्ञानाची साक्ष देतो, गांव अनुभवाची देतो, आणि राजा त्या दोन साक्षी ऐकून निकाल देतो.

दुसरें दार अर्थातच तात्पुरतें होतें. तें कायम उघडें ठेवणें म्हणजे चरकाच्या छद्मचरांस आमंत्रण देणें होय. जुन्यांची सोय लागली कीं तें मिटावें व यापुढें परीक्षेवांचून कोणी येऊं नये, हाच कायद्याचा हेतु. तो सयुक्तिक होता असेंच आमचें मत आहे. परंतु दार मिटलें त्याबरोबर एक मनुष्यजातहि संपली. घरीं शिकून, गांवाच्या साक्षीनें वैद्य झालेला असा पुरुष यापुढें कायद्याच्या दृष्टीनें जन्मास येणार नव्हता.

७

१९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, तेव्हां मुंबई प्रांताचा कायदा, मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४७ चा कायदा व मराठवाड्यांतील निजामी राज्याचा वारसा यांचा मेळ घालणें प्राप्त झालें. देशी वैद्यकापुरता तो १९६१ च्या २८ व्या कायद्यानें घातला. त्यांत 'नोंदवही' व 'यादी' असे दोन भाग आहेत. पात्रतेच्या जोरावर आलेले नोंदवहींत, नुसत्या वहिवाटीवर आलेले यादींत. एकाच गांवांत एकाच आळींत औषध देणारे दोन वैद्य, एक नोंदवहीचा व एक यादीचा. हा भेद त्या काळच्या पुष्कळ घराण्यांस फार झोंबला असला पाहिजे. याच कायद्याच्या ३३ व्या कलमानें नोंद नसलेल्यास धंद्याची मनाई आहे. पाश्चात्य वैद्यकासाठीं १९६५ च्या ४६ व्या कायद्यानें महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आलें व १९१२ चा जुना कायदा मागें पडला. परिचारिकांसाठीं १९६६ चा निराळा कायदा आहे. होमिओपथीचेंहि मंडळ निराळें आहे.

१९७० सालीं भारतीय वैद्यकासाठीं मध्यवर्ती कायदा झाला. त्यांत जुन्या वैद्यांसाठीं शेवटची एक फट ठेवली होती. ज्या राज्यांत त्या वेळीं नोंदवही नव्हती, तेथें पांच वर्षें धंदा करीत असलेल्याचा हक्क अबाधित राखला. शिवाय त्याच्या परिशिष्टांत मान्य परीक्षांची मोठी यादी असून प्रत्येकीपुढें ती कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत मान्य, तें दिलें आहे. उदाहरणार्थ, प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाची वैद्यविशारद परीक्षा १९३१ पासून १९६७ पर्यंतच मान्य. तदनंतरच्या प्रमाणपत्रांवर धंदा करतां येणार नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं ठरविलें. संशोधकाच्या दृष्टीनें हें परिशिष्ट म्हणजे मोडलेल्या पाठशाळांची नामावळीच आहे. १९७० चा हा कायदा जाऊन त्याच्या जागीं २०२० चा राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला आहे. तथापि राज्याची नोंदवही राज्याच्या मंडळाकडेच राहिली आहे.

८

एवढ्या विवेचनावरून निष्पन्न होतें तें असें. राजानुज्ञा ही आम्हांस परकी नाहीं. नोंदवही नवी आहे. अनुज्ञेमागें रोग्याचें हित असतें आणि तिच्याच पदरांत धंद्याची मक्तेदारीहि लपून येते. १६१८ च्या गोव्यांत व १९१२ नंतरच्या मुंबईंत दोन्हीं दिसतात. तरीहि नोंदवही नसावी असें म्हणवत नाहीं. ज्यानें खेड्यांतील भोंदूच्या सुईनें गेलेलें मूल पाहिलें आहे, तो असें म्हणणार नाहीं. नोंदवहीला विचारावयाचा प्रश्न एकच. सुश्रुतानें शेवटीं ठेवलेली अनुज्ञा ती आधींच्या पांच गुणांची खरी चौकशी करून देते, कीं नुसता कागद पाहून?

आतां संग्राहकांस विनंति. १९३८ ते १९७० या बत्तीस वर्षांत दुसऱ्या दारानें आंत आलेले जे वैद्य, त्यांचे अर्ज व साक्षी म्हणजे महाराष्ट्रांतील गुरुपरंपरेच्या वैद्यकीची शेवटची जबानी आहे. कोण कोणापाशीं शिकला, कोणता ग्रंथ कोणत्या मुलखांत चालत होता, कोणत्या जातीचे वैद्य कोठें होते, स्त्रिया औषध देत होत्या कीं नाहीं, हें पोथी सांगत नाहीं; पोथीवर फार तर लेखकाचें नांव व शक असतो. हे कागद तें सांगतात. पण आम्ही संग्राहक शंभर वर्षांपलीकडच्या कागदासच हात लावतों, आणि इंग्रजी छापाचा कागद दिसला कीं तो रद्दींत टाकतों.

ही टीका दुसऱ्यांवर नाहीं. पंधरा वर्षांपूर्वीं वाईकडील एका वैद्याच्या घरून आम्हीं स्वतः सात पोथ्या आणल्या. त्या वेळीं घरच्या वृद्ध बाईंनीं एक पत्र्याची पेटी पुढें केली व म्हटलें, "मास्तर, हे यांचे सरकारचे कागद, हेहि न्या." आम्हीं हंसून नको म्हटलें. बाईंनीं पेटी मुकाट्यानें कोनाड्यांत ठेवली. मागील महिन्यांत, प्रस्तुत दप्तर वाचल्यानंतर, आम्ही पुन्हां त्या घरीं गेलों. बाई वारल्या आहेत. पेटींत आतां नातवाचे खेळ आहेत. कागद बंबांत गेले. सात पोथ्यांपैकीं पांचांच्या प्रती इतरत्र आहेत. त्या कागदांची प्रत कोठेंहि नाहीं.

म्हणून सुचवितों कीं, ज्यांच्या पाहण्यांत वैद्यांचीं दप्तरें येतील त्यांनीं पोथ्यांबरोबर चौकटी, अर्जांचे मसुदे, साक्षीपत्रें, फीच्या पावत्या, मंडळाशीं झालेला पत्रव्यवहार व नोंदवहीच्या छापील याद्या मिळाल्यास त्याहि उचलाव्या. औषधांच्या वह्यांत रोग्यांचीं नांवें असतात. तीं छापूं नयेत. मूळ कागद वारसांस सोडवत नसतील तर छायाचित्र घ्यावें, व कोणत्या पोथीबरोबर कोणता कागद होता तें टिपून ठेवावें. कारण दोघांची फारकत झाली कीं दोघांचेंहि अर्धें मोल जातें.

प्रस्तुत दप्तर वारसांच्या संमतीनें मंडळाच्या संग्रहीं दाखल करण्याचें योजिलें आहे. यादींत आम्हीं प्रथम चौकट लिहिली आहे, नंतर मसुदा, आणि त्याखालीं पोथ्या.